डाव्या बाजूच्या काचा

१

"शेडमध्ये कुणीतरी येतंय," अण्णा म्हणाले. "रोज येतंय, आणि माझ्या गाडीच्या काचा ओरबाडून जातंय."

अण्णा म्हणजे माझे वडील. आमची गाडी चालवायला शिकवण्याची शाळा आहे. शाळा म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, खोलीला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एकुलती एक म्हातारी गाडी. शिकणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे, आणि ब्रेक-क्लच दोघांच्याही पायाशी असतात. मी ऑफिस सांभाळते. फोन घेते, कुणाला कधी गाडी मिळणार ते ठरवते आणि नापास झालेल्यांची समजूत काढते.

काचांचं म्हणणं खोटं नव्हतं. थंडी सरून ऊन कडक झालं तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. डावीकडच्या पुढच्या दाराची काच आणि मागच्या दाराची काच, दोन्हींवर ओरखडेच ओरखडे. उजव्या बाजूला काही नाही, समोरच्या काचेला धक्का नाही. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला आज दिसतंय? मी कधीपासून झगडतोय. रोज सकाळी घासून साफ करतो, दुसऱ्या दिवशी बसावं तर परत तेच."

तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आम्ही शेडच्या मागेच राहतो. मी, अण्णा आणि माझी शाळेत जाणारी लेक. कुणी कुलूप उघडून आत येतो, अंधारात काचा खरवडतो आणि कुलूप लावून जातो, हे काही भुरट्या चोराचं लक्षण नाही. मी नवं कुलूप आणलं. फरक पडला नाही. शेवटी एका संध्याकाळी शेडच्या दारात अंगाला लावायची पावडर पसरून ठेवली, म्हटलं पावलं तरी उमटतील. सकाळी पाहते तर पावलं फक्त अण्णांच्या बुटांची. सकाळी गाडी घासायला तेच आधी जातात, त्यांनी सगळी पावडर तुडवून ठेवली होती. माझ्या हुशारीचं वाटोळं झालं.

आज अण्णांनी निकाल लावला.

"नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या," ते म्हणाले. "एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. तिसरी त्याच्याकडे."

तो म्हणजे धाकटे सर. आमचे दुसरे शिकवणारे. कॉलेजात असताना आमच्याकडेच गाडी शिकायला आले आणि इथेच राहिले. शिकवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही आणि त्यांच्या घरी खाणारी तोंडं चार. हल्ली मात्र त्यांचं आणि अण्णांचं बिनसलं होतं. "ही गाडी आता भंगारात काढा," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते.

"गाडीची सरकारी तपासणी तोंडावर आली आहे," अण्णा म्हणाले. "अशा काचा बघितल्या की गाडी नापास. म्हणजे याचं फावलं. उद्या सकाळी मी पोलिसांत जाणार. शिकवण्याचा परवानाच रद्द करायला लावतो त्याचा."

मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. ते एकदम दचकले, हात लागला आणि कप आडवा झाला.

"अशी दबक्या पावलांनी येत जाऊ नकोस," ते खेकसले.

माझ्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. पण त्या क्षणी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आतल्या खोलीत गेले आणि आत्याला फोन लावला.

२

आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण, आणि जगात अण्णा घाबरतात ते एवढ्या एकाच व्यक्तीला. विमा कंपनीत तिचा जन्म गेला. आपटलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती ते ठरवायचं, हे तिचं काम. निवृत्त झाली, तरी भाजीवाल्याशीसुद्धा ती उलटतपासणी घेतल्यासारखीच बोलते.

ती दुपारच्या आत आली. अण्णांना म्हणाली, "तू ऑफिसात बस. तू जवळ असलास की सगळे तुझ्याच मनासारखं बोलतात."

"अक्का, यात तपासायचं काय आहे? चोर घरातलाच आहे."

"मग उद्यापर्यंत पळून जाणार नाही," असं म्हणून ती शेडमध्ये शिरली.

आमची गाडी उजवी बाजू रस्त्याकडे करून उभी असते. डावी बाजू भिंतीकडे, आणि मध्ये माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच जागा. आत्या त्या फटीत शिरली. पदर खोचला, टॉर्च काचेला आडवा धरला आणि वाकून बघत राहिली. मग डोळे मिटून काचेवर नख फिरवलं. इकडून तिकडे, वरून खाली.

"ज्याला तुमचा राग आहे, त्यानं ही अडचणीतली बाजू का निवडली?" तिनं विचारलं. "उजवी बाजू मोकळी आहे. उभं राहायला जागा आहे."

"कुणी बघू नये म्हणून."

"शेड बंद असते म्हणालीस. बघणार कोण?"

ती गाडीत बसली, दार लावलं आणि आतूनही नख फिरवून पाहिलं. मग मला शेजारी बोलावलं.

"आतूनही आहेत," ती म्हणाली. "बाहेर जेवढे, तेवढेच आत. म्हणजे गाडीची किल्ली असलेला माणूस. आणि हे बघ. खिळ्यानं ओढलेली एकही रेघ नाही. नख कुठेच अडकत नाही. सगळे बारीक आणि गोल गोल, एकावर एक. काचेच्या मध्यावर दाट, कोपऱ्यांत जवळजवळ नाहीतच. बसलेल्या माणसाची नजर जिथे जाते, तिथे सगळ्यात जास्त."

"म्हणजे काय?"

"मी रागानं फोडलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या. रागावलेला माणूस एक मोठी रेघ ओढतो आणि पळतो. इथे तर कुणी बैठक मारून, दंड भरून येईपर्यंत घासलंय." तिनं टॉर्च बंद केला. "हे वैर नाही ग. ही मेहनत आहे."

मला वैर परवडलं असतं. वैराला काही कारण असतं. रोज येऊन आमच्या काचांवर मेहनत घ्यायला कसलं कारण असणार?

३

गल्लीतल्या गाड्या धुणारे काका आमचीही गाडी धुतात. मी सकाळी त्यांना गाडीची किल्ली देते, ते धुऊन परत आणून देतात. आत्यानं त्यांना शेडमध्ये बोलावलं तेव्हा ते बादली हातातच धरून उभे राहिले.

"तुमचं फडकं दाखवा," आत्या म्हणाली.

त्यांनी मुकाट्यानं दाखवलं. जुन्या बनियनचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आत्यानं ते आधी स्वतःच्या गालावर घासलं आणि मग आपल्या चष्म्यावर. मी बघतच राहिले, कारण त्या चष्म्याला ती मला हात लावू देत नाही. चष्म्यावर एक रेघ उठली नाही.

"अण्णांनी कधी तक्रार केली तुमची?"

"केली की. तेच लागलंय मनाला." काका बादलीकडे बघत म्हणाले. "म्हणाले, डावीकडची काच नीट पुसत जा, धुरकट राहते. मी परत पुसली. परत म्हणाले, नाही. तिसऱ्यांदा पुसली, ताई. अशी लखलखीत होती की माझं तोंड दिसत होतं. तरी म्हणाले, तुझ्या हाताला आता जोर नाही. त्या दिवसापासून डाव्या काचांना मी हात लावत नाही. अण्णा स्वतःच करतात."

"तेव्हा ओरखडे होते?"

"असते तर माझं तोंड कसं दिसलं असतं?"

ते गेल्यावर मी म्हटलं, "अपमान झालाय त्यांचा. मनात ठेवलेलं दिसतंय. किल्लीही सकाळी त्यांच्या हातात असते."

"किल्ली असते, पण वेळ कुठे असतो? तूच तर दारात उभी राहून घाई करतेस." आत्या कोनाड्याकडे वळली. तिथे अण्णांची सगळी औषधं मांडलेली होती. टूथपेस्ट, पितळ चमकवायचं पॉलिश, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, आणि ड्रिल मशीनला लावायचं लोकरीचं चाक. "हे सगळं?"

"ओरखडे घालवायला. कुणी काही सुचवलं की अण्णा आणतात. टूथपेस्टनं जातात म्हणे."

"नखाला न लागणारा एखादा ओरखडा असेल, तर धीरानं पॉलिश केल्यावर थोडा निवळतो. पण तारेची घासणी?" आत्यानं ती उचलून उलटीपालटी केली. "ही नवी नाही. चांगली झिजली आहे."

"आजार मोठा आहे, तसे उपायही मोठे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच तिखट वाटला. अण्णा दोन काचांच्या मागे वेडे झाले आहेत हे मला कळत होतं, पण ते बाहेरच्या माणसानं बोललेलं सहन होत नव्हतं. आत्या बाहेरची नव्हती, तरीसुद्धा.

ती गाडीच्या पुढे गेली आणि डाव्या आरशापाशी थबकली. आरशाच्या कोपऱ्यात एक छोटा गोल, फुगीर आरसा चिकटवलेला होता.

"एवढ्या जुन्या गाडीवर ही एवढी नवी वस्तू कुणी लावली?"

मला माहीत नव्हतं. मी तो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते.

४

"मी लावला," धाकटे सर म्हणाले.

ते ऑफिसच्या मागच्या पायरीवर बसले होते. डबा उघडून पुढ्यात ठेवला होता, पण एक घासही घेतलेला दिसत नव्हता. अण्णा पोलिसांत जाणार आहेत हे त्यांना सकाळीच कळलं होतं, कारण अण्णा हळू बोलूच शकत नाहीत.

"स्वतःच्या खर्चानं?" आत्यानं विचारलं.

"हो."

"जी गाडी भंगारात काढा म्हणता, तिला?"

सरांनी डबा बाजूला सरकवला.

"अजून एक. शिकणाऱ्यांचं वेळापत्रक मी बघितलं. पूर्वी बाजाराच्या रस्त्यावर अण्णा शिकवायचे आणि मोकळ्या मैदानावर तुम्ही. आता उलटं झालंय. बाजार सगळा तुमच्याकडे. हे कुणी केलं?"

"मीच," मी मध्येच म्हटलं. "सरांनीच सांगितलं होतं, मला गर्दीची सवय व्हायला हवी म्हणून."

बोलून गेल्यावर मला ते विचित्र वाटलं. ज्या माणसाला इतक्या वर्षांचा अनुभव आहे, त्याला गर्दीची कसली सवय हवी? मला तेव्हा दिसलं होतं ते एवढंच, की बाजारात ओळखी होतात आणि ज्याला आपली शाळा काढायची आहे त्याला ओळखी लागतात.

"सर, तुम्हाला काही माहीत आहे," आत्या म्हणाली. "काचा कुणी घासल्या ते माहीत आहे का?"

"माहीत नाही. मी कुणाला घासताना बघितलेलं नाही."

"मग काय माहीत आहे?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. "मी जे बोलेन त्याचा एकच अर्थ निघेल, आत्या. म्हातारा नको झालाय, आता शाळा गिळायची आहे. मी नाही बोलणार. जायचं असेल तर जाऊ द्या त्यांना पोलिसांत."

"परवाना जाईल तुमचा."

"जाईल," ते म्हणाले. "घरी काय सांगायचं त्याचाच विचार करतोय सकाळपासून."

ते उठून नळावर हात धुवायला गेले. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी संशयही आला. ज्याच्या पोटात पाप नाही त्यानं मूग गिळून का बसावं?

"लपवतायत ते," मी म्हटलं.

"लपवतोय खरा," आत्या म्हणाली. "पण स्वतःसाठी लपवणारा माणूस जरा बरं खोटं बोलतो. चल, काचवाल्याकडे जाऊ."

५

गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याचं दुकान आमच्याच रस्त्यावर, दहा मिनिटांच्या चालीवर आहे. त्याच्या दुकानात उभ्या काचांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये तो तोंडात पेन धरून बसलेला.

"अण्णांची गाडी ना? मी आधीच सांगितलं त्यांना, एवढ्या घासल्यावर त्या काचा सुधारत नाहीत," तो म्हणाला. "काच जागोजागी झिजली आहे. आता घासाल तर पलीकडचं वाकडं दिसायला लागेल. जुन्या गाडीतल्या तशाच काचा माझ्याकडे आहेत. त्या बसवा आणि मोकळे व्हा. पण ते ऐकत नाहीत. बदलल्या तरी तो माणूस परत ओरबाडणार, म्हणतात."

"पॉलिश तुमच्याकडूनच नेलं का त्यांनी?"

"पहिलं माझ्याकडूनच. थंडीत आले होते. मफलर गुंडाळून."

मी त्याला थांबवलं. "थंडीत नसेल. ओरखडे मला दिसले ते थंडी सरल्यावर."

"ओरखड्यांचं मी कुठे म्हणतोय?" तो हसला. "तेव्हा काच आरशासारखी होती. गाडी दारात आणून दाखवली त्यांनी. मी बाहेर जाऊन हात फिरवून पाहिला. म्हटलं अण्णा, या काचेला काही झालेलं नाही. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, धुरकट आहे, तुला दिसत नसेल तर चष्मा लाव. गिऱ्हाईक मागतंय तर आपण कशाला नाही म्हणायचं? दिलं पॉलिश."

आत्या उभी होती ती तिथल्या स्टुलावर बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीतरी कळल्यावर आनंद व्हावा, तसा तो चेहरा नव्हता.

"आपण सगळे उलट्या बाजूनं बघत होतो," ती म्हणाली. "ओरखडे पडले म्हणून अण्णा घासायला लागला, असंच धरून चाललो ना? पॉलिश आधी आलंय. ओरखडे मागून आले."

"म्हणजे अण्णांनीच? पण काच चांगली असताना कशाला घासतील? आणि फक्त डावीकडचीच कशाला?"

तिनं त्याचं उत्तर दिलं नाही. विचारलं, "गाडी आत्ता कुठे आहे?"

"अण्णा घेऊन गेलेत. कॅशिअरबाईंचा तास आहे. त्यांची परीक्षा जवळ आली म्हणून आज बाजारातून नेणार होते. येताना शाळेतून माझ्या लेकीला—"

मी बोलता बोलता थांबले. का थांबले ते मलाही नीट कळलं नव्हतं. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"फोन कर त्याला. म्हण, गाडी आहे तिथे उभी कर."

मी केला. घंटी वाजत राहिली. गाडीत बसल्यावर अण्णा फोन उचलत नाहीत आणि दुसऱ्यांनाही उचलू देत नाहीत.

६

आम्ही परत येऊन आमच्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिलो. आत्यानं येताना काचवाल्याला सामान घेऊन बरोबर आणलं होतं. मी रस्त्याच्या टोकाकडे डोळे लावले होते. प्रत्येक पांढरी गाडी आमची वाटत होती. काय होऊ शकतं हे मी आत्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

आमची गाडी वळणावर दिसली. मागच्या खिडकीशी लेकीचं डोकं होतं. गाडी अंगणात येऊन थांबली. लेक उतरून दप्तर ओढत घरात गेली, आणि मी तिला कारण नसताना दोनदा हाक मारली.

कॅशिअरबाई स्टिअरिंगवरचे हात काढायलाच तयार नव्हत्या. त्या बँकेत असतात, दोनदा नापास झाल्या आहेत, आणि मागच्या वेळी तर आमच्या नावानं बोटं मोडत गेल्या होत्या. माझ्या संशयितांच्या यादीत त्याही होत्या.

"आता परीक्षेतही असाच विनाकारण ब्रेक दाबा," अण्णा त्यांना सुनावत उतरले. "मागच्यानं येऊन ठोकलं असतं."

ते तरातरा ऑफिसात गेले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"विनाकारण नव्हता हो," त्या आत्याला म्हणाल्या. "डावीकडून सायकलवर एक मुलगी आली. अगदी चाकापाशी. त्यांच्या बाजूनं आली, त्यांच्या काचेसमोरून. मी ब्रेक दाबला म्हणून. आणि ते मलाच विचारतात, कुठली सायकल?"

धाकटे सर मागे येऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"तुम्हाला हेच माहीत होतं," आत्या त्यांना म्हणाली.

सरांनी डाव्या आरशाकडे एकदा पाहिलं.

आत्या ऑफिसात गेली आणि अण्णांना म्हणाली, "तुझ्या चोराचं उद्या बघू. आज पुढची काच बदलून घेऊ. काचवाला आलाच आहे."

अण्णा थोडे कुरकुरले आणि कबूल झाले. काचवाल्यानं डाव्या दाराचं आतलं पॅड उघडलं, खाटखूट केलं आणि थोड्या वेळानं खराब काच गोणपाटात गुंडाळून नेली. आत्यानं मला गाडीत, शिकणाऱ्याच्या जागी बसवलं. मग ती अण्णांना घेऊन आली. अण्णा दारासमोर उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"वा," ते म्हणाले. "काच आहे की नाही कळतसुद्धा नाही."

आत्यानं त्यांच्यासाठी दार उघडलं, ते बसल्यावर लावलं आणि बाहेर दाराला लागून उभी राहिली.

"समोर बघ. दिसतंय?"

"न दिसायला काय झालं?"

"आता मान फार न वळवता डावीकडे नजर टाक. रस्त्यावर टाकतोस तशी. नवी काच कशी आहे?"

अण्णांनी डावीकडे पाहिलं. त्यांची मूठ वळली.

"ही पण धुरकट," ते म्हणाले. "फसवलं त्यानं. जुनाच माल गळ्यात मारला."

आत्यानं हात पुढे केला. मला वाटलं ती काचेवर टकटक करणार. तिचा हात काचेच्या जागेतून सरळ आत आला आणि अण्णांच्या खांद्यावर टेकला.

तिथे काच नव्हतीच.

७

अण्णांनी आपला हात वर नेला आणि चौकटीतून बाहेर घातला. परत आत घेतला. परत बाहेर.

"उजवा डोळा हातानं झाक," आत्या हलक्या आवाजात म्हणाली.

त्यांनी झाकला. आणि लगेच हात काढला.

"अक्का," ते म्हणाले, "तू कुठे गेलीस?"

मी माझ्या वडलांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आत्या तशीच, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत राहिली. "तुझा डावा डोळा गढूळ झालाय. एकदम झालेला नाही. हळूहळू झालाय, म्हणून तुला पत्ता लागला नाही. समोर बघताना दोन्ही डोळे असतात, चांगला डोळा वाईटाचं निभावून नेतो. उजवीकडे बघताना उजवा आहेच. पण डावीकडे नजर टाकली की मध्ये नाक येतं आणि एकटा डावा उरतो. म्हणून तुला धुरकट दिसल्या त्या फक्त डावीकडच्या काचा. पुढची, आणि गाडी मागे घेताना जिच्यातून बघतोस ती मागची. सकाळी चहा डाव्या हाताशी ठेवला तर सांडलास. हिच्या चपला साऱ्या गल्लीला ऐकू येतात, तुला ती दबक्या पावलांची वाटते."

"पण ओरखडे मी बघितलेत, अक्का. शपथेवर सांगतो."

"नंतरचे. काच धुरकट म्हणून तू आधी फडक्यानं पुसलीस, मग पॉलिशनं, मग पावडरीनं, मग तारेनं. जितकी घासलीस तितकी ती खरंच बिघडत गेली. मग ओरखडे सगळ्यांनाच दिसले, आणि तुला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? शेडमध्ये रोज एकच माणूस जात होता. हिनं पावडर टाकली तेव्हा त्याचीच पावलं उमटली होती."

उत्तर माझ्या समोर जमिनीवर उमटलं होतं आणि मी ते झाडून टाकलं होतं.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "ती सायकल. खरंच होती?"

"होती," आत्या म्हणाली.

"केवढी मुलगी?"

कॅशिअरबाई अजून अंगणातच होत्या. त्यांनी हात छातीशी धरून उंची दाखवली. अण्णांनी ती मान पूर्ण वळवून, दोन्ही डोळ्यांनी पाहिली. माझी लेक तेवढीच आहे.

"याला माहीत होतं?" त्यांनी धाकट्या सरांकडे बोट केलं. आवाजात जुना राग होता, पण त्याला टेकायला जागाच नव्हती.

"तुम्ही डावीकडचं चुकवता, एवढं कळत होतं," सर म्हणाले. "कारण माहीत नव्हतं. म्हणून तो आरसा लावला. बाजार माझ्याकडे घेतला. गाडी भंगारात काढा म्हणालो, कारण गाडी गेली तर तुम्ही घरी बसाल असं वाटलं. तुम्हाला दिसत नाही, असं तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही."

"पोलिसांत गेलो असतो तर?"

"परवाना गेला असता माझा."

अण्णा गाडीतून उतरले. एका हातानं दार धरून उभे राहिले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं." मग कॅशिअरबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही ब्रेक वेळेवर दाबलात. परीक्षेतही असाच दाबा." त्यापुढे काही बोलायला त्यांना जमलं नाही, आणि सरांनीही त्यांना बोलायला लावलं नाही. सर एवढंच म्हणाले, "मला वाईट वाटलंय, अण्णा. ते एका दिवसात जाणार नाही." अण्णांनी मान हलवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तेही लगेच, कारण उद्यावर ढकललं असतं तर अण्णांनी काहीतरी निमित्त काढलं असतं. डोळ्यात मोतीबिंदू असला तर काढता येतो, नसला तर काय ते डॉक्टर सांगतील, असं आत्या म्हणाली. तिनं धीर दिला, खोटी आशा दाखवली नाही. सर गाडी चालवायला बसले, आत्या त्यांच्या शेजारी. अण्णा मागचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. आपल्याच गाडीत मागे बसायची त्यांची पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

चौकाजवळ गाडीचा वेग कमी झाला. अण्णांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि नसलेला ब्रेक शोधायला लागला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डावीकडे कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात शिकवणारा माणूस नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

धाकट्या सरांनी गाडी पूर्ण थांबवली आणि डावीकडे वाकून नीट पाहिलं.

"कुणी नाही, अण्णा," ते म्हणाले. "मी बघितलं."